निऑनच्या पाटीचा खरा भार

जुन्या चित्रपटगृहावरची, काचेच्या नळीतून उजळणारी लालभडक अक्षरे आपण पाहिली असतील. आता एलईडीने त्यांची जागा बरीचशी घेतली आहे. तरीही या पाटीमागचे एक कोडे वर्गात मांडण्याजोगे आहे.

समजा, पाटीच्या ट्रान्स्फॉर्मरवर १५,००० व्होल्ट, ३० मिलिअँपिअर असे लिहिले आहे. गुणाकार झाला ४५० व्होल्ट-अँपिअर. म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला सुमारे २ अँपिअर प्रवाह हवा. अँमीटर जवळपास तेवढाच दाखवतो. वॅटमीटर मात्र त्या ४५०च्या साधारण निम्मेच वॅट दाखवतो. चूक कोणत्या मीटरची?

कोणत्याच नाही. नळीतल्या वायूचे आयनीभवन झाले की त्याचा रोध घटतो. आवर घातला नाही, तर प्रवाह वाढतच जाईल. म्हणून या ट्रान्स्फॉर्मरच्या गाभ्यात मुद्दाम चुंबकीय गळती ठेवलेली असते. ती प्रवाहाला लगाम घालते. पण त्यामुळे प्रवाह व्होल्टेजच्या मागे पडतो. काही ऊर्जा खर्च न होता प्रत्येक आवर्तनात तारेतून परत जाते. बैलगाडीतून दहा पोती बाजारात नेली आणि चार परत आणली, तर विक्री सहांचीच; पण रस्त्याने वाहतूक झाली चौदांची!

वीजबिल विक्रीचे, तार मात्र रस्ता. वॅटवरून हिशेब करून चार पाट्यांना ४ अँपिअर पुरतील असे मानून तार निवडली, तर तिच्यातून ८ अँपिअर वाहतील. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे ती चौपट होईल. वेष्टण वितळून आग लागू शकते. म्हणून तार आणि फ्यूज अँपिअरवरूनच ठरवावेत. योग्य कपॅसिटर जोडल्यास पुरवठ्याच्या तारेतील प्रवाह कमी होतो.

हे मोजमाप जाणकार वायरमनचे काम. नळीच्या बाजूचा ३० मिलिअँपिअर प्रवाहही प्राणघातक ठरू शकतो. विद्यार्थ्यांनी पाटीला हात लावू नये.

वर्गासाठी ट्यूबलाइटचा जुना, काढून ठेवलेला लोखंडी चोक आणा. ३६ वॅटच्या चोकवर ०.४३ अँपिअर असे छापलेले आढळते. त्याला २३० ने गुणायला सांगा. उत्तर येईल सुमारे ९९. नळीचे ३६ आणि चोकमध्ये वाया जाणारे सुमारे १० वॅट मिळून होतात ४६. उरलेले ५३ कोठे गेले, हे आता मुलांनाच सांगू द्या.