शिंदळ माकुडी

शिंदळ माकुडी (शास्त्रीय नाव: फ्रेरिया इंडिका) ही सह्याद्रीच्या खडकाळ उतारांवर आणि कातळकड्यांवर वाढणारी, मांसल खोडाची बहुवर्षायू सपुष्प वनस्पती आहे. ती महाराष्ट्राची प्रदेशनिष्ठ जाती असून जगात अन्यत्र निसर्गतः आढळत नाही. पूर्वी तिचा समावेश रुई कुलात (ॲस्क्लेपिएडेसी) केला जात असे. आता हे कुल करवीर कुलात (ॲपोसायनेसी) विलीन झाले आहे. शिवनेरी किल्ल्यावरील अस्तित्वामुळे तिला ‘शिवसुमन’ असेही म्हणतात.

नामकरण व वर्गीकरण

मुंबई इलाख्यातील वनाधिकारी व स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ निकोल अलेक्झांडर डॅल्झेल यांनी १८६० च्या दशकात या वनस्पतीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. त्यांनी तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती निर्माण केली आणि तिला तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांचे नाव दिले.

शिंदळ माकुडीच्या निकटच्या आप्तांपैकी माकडशिंगीसारख्या बहुतेक जातींत पाने अगदी सूक्ष्म असतात व लवकर गळून पडतात. या वनस्पतीला मात्र पूर्ण वाढलेली, रुंद व मांसल पाने येतात. या वेगळेपणामुळे ती दीर्घकाळ आपल्या प्रजातीतील एकमेव जाती मानली गेली. १९५८ मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ गॉर्डन रौली यांनी तिला कॅरॅलुमा प्रजातीत हलविले. त्या प्रजातीत ‘इंडिका’ हे नाव आधीच वापरात असल्याने तिचे नाव ‘कॅरॅलुमा फ्रेरी’ झाले. पुढे ‘बाउसेरोसिया फ्रेरी’ हे नावही तिला मिळाले. भारतीय लेखनात मात्र फ्रेरिया इंडिका हेच नाव अधिक रूढ आहे.

वर्णन

खोड गोलसर, गुळगुळीत, मांसल व फांद्यायुक्त असून ते खडकावर पसरते किंवा कड्यावरून खाली लोंबते. त्यात रुईसारखा पांढरा चीक नसतो. पाण्यासारखा रस असतो. फुले पावसाळ्याच्या उत्तरार्धात व त्यानंतर येतात. ती सुमारे २ सेंमी. व्यासाची, पंचकोनी ताऱ्याच्या आकाराची, गडद तांबड्या-किरमिजी रंगाची असून त्यांवर पिवळे ठिपके असतात. फळे पेटिकाफळ प्रकारची व सहसा जोडीने येतात. बियांना रेशमी केसांचा झुपका असल्याने त्या वाऱ्यावर दूर जातात.

कोरड्या कड्यावरील जीवन

सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकाच्या कड्यांवर माती फार थोडी असते. पावसाळ्याचे चार महिने तेथे पाणी मुबलक असते; उरलेले आठ महिने खडक तापतो आणि ओलावा जवळजवळ नाहीसा होतो. या दोन टोकांच्या परिस्थितींशी शिंदळ माकुडीने दोन वेगळ्या मार्गांनी जुळवून घेतले आहे.

पावसाळ्यात तिची पाने इतर सामान्य वनस्पतींप्रमाणे दिवसा कार्बन डायऑक्साइड घेऊन प्रकाशसंश्लेषण करतात, त्यामुळे वाढ वेगाने होते. कोरड्या ऋतूत पाने गळून पडतात आणि अन्ननिर्मिती हिरव्या खोडाकडे येते. खोड त्वग्रंध्रे रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठविते आणि दिवसा, रंध्रे मिटलेली असताना, त्याचा वापर करते. या प्रक्रियेला ‘क्रॅसुलेसीयन आम्ल चयापचय’ म्हणतात. तिच्यामुळे बाष्पीभवनाने होणारी पाण्याची हानी टळते. एकाच झाडाच्या पानांत व खोडात असे दोन भिन्न मार्ग असल्याने वनस्पती-शरीरक्रियाविज्ञानात या जातीला विशेष महत्त्व आहे.

आढळ व धोके

जुन्नरजवळील शिवनेरी, पुरंदर-वज्रगड, रंधा धबधब्याचा परिसर, महाबळेश्वर आणि सज्जनगड येथून या जातीची नोंद झाली आहे. ही ठिकाणे एकमेकांपासून दूर असून प्रत्येक ठिकाणी झाडांची संख्या मर्यादित असते. कोवळी खोडे गुरे, शेळ्या व माणसेही खातात. त्यामुळे सहज पोहोचता येईल अशा उतारांवरून ती नाहीशी होते आणि उभे कडे किंवा निवडुंगाच्या काटेरी जाळ्या एवढाच तिचा आसरा उरतो. वणवे, दरडी कोसळणे आणि संग्राहकांकडून होणारी तोड हे अन्य धोके आहेत. १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जाहीर केलेल्या अतिसंकटग्रस्त अशा १२ वनस्पतींच्या यादीत तिचा समावेश होता.

संवर्धन

शिंदळ माकुडीची लागवड अवघड नाही. खोडाचा तुकडा लावला तरी त्याला मुळे फुटतात. ऊतिसंवर्धनानेही रोपे तयार करण्यात आली आहेत. परदेशांतील मांसल वनस्पतींच्या संग्रहांतही ती वाढविली जाते. तथापि, एका झाडाच्या फाट्यांपासून केलेली सर्व रोपे जनुकीयदृष्ट्या एकसारखीच असतात. नवी विविधता बियांतूनच येते आणि बीजधारणेसाठी परागपुंज एका फुलातून दुसऱ्या फुलात नेणाऱ्या कीटकांची गरज असते. कुंडीतील झाडांची संख्या वाढल्याने जाती नामशेष होण्याची भीती कमी होते, परंतु कड्यावरील कीटक, निवडुंग व खडकाच्या भेगा यांच्याशी असलेले तिचे नाते कुंडीत टिकत नाही. उपरोक्त यादीतील आफ्रिकन व्हायोलेट हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे: ते जगभर घरोघरी वाढविले जात असतानाही पूर्व आफ्रिकेतील त्याचे मूळ अधिवास संकटात होते. म्हणून रोपवाटिकेतील लागवडीबरोबर मूळ कड्यांवरील चराई, वणवे व तोड यांवर नियंत्रण ठेवणे आवश्यक ठरते. यांतील काही कडे किल्ल्यांचा भाग असल्याने तटबंदीची डागडुजी व पर्यटनाचे नियोजन करतानाही या वनस्पतीचा विचार व्हावा लागतो.