न हललेली मोहरी

बुद्धिबळात विकास म्हणजे घोडे, उंट, हत्ती मूळ घरांतून काढून कामाला लावणे. यात प्रतिस्पर्धी मागे राहिला, तरी आपली आघाडी टिकाऊ नसते. दोन-चार शांत चालींत तो सावरतो. ती वेळीच कशी वापरावी, हे १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात झालेला डाव दाखवतो.

पॉल मॉर्फीविरुद्ध ब्रुन्सविकचे ड्यूक व काउंट इसुआर मिळून काळ्या मोहऱ्यांनी खेळत होते. त्यांचा वजीर स्वतःच्याच उंटाची वाट अडवून उभा होता. आठव्या चालीला मॉर्फीला एक प्यादे फुकट मिळत होते. पण मग वजिरांची मारामारी होऊन काळ्याला उसंत मिळाली असती. त्याने ते सोडले आणि घोडा बाहेर काढला. दहाव्या चालीला घोडा देऊन दोन प्यादी घेतली, राजाकडची तिरपी वाट उघडली. पुढे कॅसलिंग करताच हत्ती थेट मोकळ्या पट्टीवर आला. सोळाव्या चालीला वजीर दिला, सतराव्या चालीला मात!

तेव्हा प्यादी सोडता मॉर्फीकडे राजाखेरीज एक हत्ती व एक उंट उरले होते. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा. पण त्यांतले हत्ती आणि उंट डावभर जागचे हललेच नव्हते.