झीलंडिया

झीलंडिया हा नैर्ऋत्य प्रशांत महासागरातील एक जलमग्न भूखंड आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४९ लाख चौ. किमी असून त्याचा जवळपास ९४ टक्के भाग समुद्राखाली आहे. न्यू झीलंड व न्यू कॅलिडोनिया ही त्याची पाण्याबाहेर उरलेली प्रमुख बेटे होत. सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी तो गोंडवन या प्राचीन महाखंडापासून विलग झाला. त्या वेळी त्याचे कवच ताणले जाऊन पातळ झाले व तो हळूहळू खचला. मात्र हे कवच सागरी कवचाहून जाड व खंडीय खडकांचे आहे. या आधारे २०१७ मध्ये काही भूवैज्ञानिकांनी त्यास स्वतंत्र खंड मानावे, असे प्रतिपादन केले.

जीवसृष्टी

मानवाच्या आगमनापूर्वी न्यू झीलंडमध्ये वटवाघळांखेरीज भूचर सस्तन प्राणी नव्हते. त्यामुळे मोआ, किवी, काकापो असे न उडणारे पक्षी तेथे जमिनीवर निर्धास्त वावरत. मानवी शिकारीमुळे मोआ नामशेष झाले. पुढे माणसाबरोबर आलेले उंदीर, मांजरे व स्टोट यांच्यापुढे इतर पक्षीही निराधार ठरले. काकापो हा पोपट आज मुख्यतः शिकारी प्राण्यांपासून मुक्त केलेल्या लहान बेटांवर जगवला जातो. ज्या विलगतेने ही जीवसृष्टी घडवली, ती आता माणसाला प्रयत्नपूर्वक राखावी लागते.