आजोबांची ताकद कुठे गेली?

वर्गात श्रमाचं महत्त्व शिकवताना एकाने विचारलं, "बाई, आजोबा मिठागरात मिठाच्या टोपल्या वाहायचे. आता कळशीपण उचलत नाहीत. आळशी झालेत का?"

उरणमध्ये असे आजोबा बरेच आहेत. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण ३ ते ८ टक्के घटतात, साठीनंतर जास्त वेगाने. त्यात ओझी वाहून गुडघे, मणके झिजलेले. पण नुसतं बसून राहिलं तर स्नायू अजून लवकर जातात. म्हणून कळशी अर्धीच भरायची, खेपा वाढवायच्या. काम उन्हाआधी उरकायचं. ताटात मासळी नाहीतर डाळ हवीच.

पालकांनो, "तुम्ही बसा, तुम्हाला जमणार नाही" असं म्हणू नका. (मीपण बाबांना म्हणायचे.)

सोमवारी ते आजोबा शाळेत येणार आहेत, मीठ कसं पिकवतात ते सांगायला.