बारा हात

एक वाजून दहा मिनिटांनी घंटा होते आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आम्हा पालकांच्या माना एकदम आत वळतात. चाळीसगाव, मार्चचं ऊन, दहावीचा गणित भाग २. म्हणजे भूमिती. ४० गुण, दोन तास आणि शेवटी वाढवून दिलेली दहा मिनिटं. उत्तरपत्रिका गोळा होऊन मोजल्या जाईपर्यंत वर्गातून कुणाला उठू देत नाहीत, त्यामुळे पहिली मुलं दिसायला आणखी थोडा वेळ जातो. मी पुतणीला न्यायला आले आहे. शेजारी मोटारसायकलला टेकलेले एक गृहस्थ रुमालाने मान पुसताहेत.

मग लोंढा येतो. हातात पॅड, खिशात हॉल तिकीट, प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाऊचमध्ये गुण्या आणि कर्कटक.

"कसा गया रे पेपर?" गृहस्थ मुलाला विचारतात.

"चांगला गया," मुलगा म्हणतो, पण त्याची नजर वडिलांकडे नाही. तो मागून येणाऱ्या मित्राला शोधतो आहे. सगळ्यांचंच तसं चाललेलं आहे. आम्हाला एका शब्दात वाटेला लावून मुलं कडुनिंबाखाली गोळा होतात. दोन तास ज्यांना शेजारी बघायचीही मुभा नव्हती, ती आता एकमेकांच्या प्रश्नपत्रिकांवर वाकली आहेत.

पर्यायांचे प्रश्न झटपट उरकतात. "बी?" "बी." "तिसऱ्याचं सी ना?" "हो." समरूप त्रिकोणांच्या बाजूंचं गुणोत्तर ४ : ९ दिलंय, क्षेत्रफळांचं विचारलंय. एक मुलगा घाईने म्हणतो, "दोनास तीन." क्षणभर कुणी बोलत नाही. त्याला स्वतःलाच कळतं. वर्ग करायचा होता, त्याने वर्गमूळ काढलं. "सोळास एक्क्याऐंशी," तो हळू म्हणतो आणि प्रश्नपत्रिकेवर त्या ओळीखाली नखाने रेघ ओढतो. एक गुण गेला. गणित मात्र त्याला येत होतं, एवढं मला दिसतं.

खरा वाद पेटतो तो दीपगृहावरून. ९० मीटर उंच दीपगृह, वरून जहाजाकडे पाहताना अवनत कोन ६० अंशांचा, तर जहाज किती दूर? यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नसेल. जहाज त्यांना वहीतल्या आकृतीतच भेटलेलं.

"एक्कावन्न पॉइंट नव्वद," माझी पुतणी म्हणते.

"एकशे पंचावन्न पॉइंट सत्तर," एक उंच, सडपातळ मुलगा म्हणतो. "मी दोनदा तपासलं."

"अँगल ऑफ डिप्रेशन कुठे घेतलास तू?" सेमी-इंग्रजीची एक मुलगी विचारते.

"डिप्रेशन म्हणजे अवनत ना?"

"हो. हायपोटेन्यूजच्या वर."

"कर्णाच्या वर? मी तर दीपगृहाच्या बाजूने घेतला."

हे ऐकायला मला फार आवडतं. एकाच शाळेतल्या दोन मुलांनी एकच गणित दोन भाषांतून शिकलेलं असतं आणि झाडाखाली ती एकमेकांसाठी ते उलगडून देतात. मुलगा उकिडवा बसतो. पाऊचमधून कर्कटक काढून टोकाने धुळीत उभी रेघ ओढतो, तळाशी आडवी, मग तिरकी. पाच-सहा डोकी खाली वाकतात. पुतणी त्याच्या हातून कर्कटक घेते आणि दीपगृहाच्या माथ्यावरून आणखी एक आडवी रेघ काढते. "माणूस आधी सरळ समोर बघतो," ती म्हणते. "मग नजर खाली नेतो. तेवढाच कोन."

मुलगा त्या रेघेकडे बघत राहतो. पेपरमध्ये ही एकच रेघ त्याने काढली नव्हती. ९० ला १.७३ ने गुणण्याऐवजी ३० ला गुणायचं होतं. "म्हणजे चुकलंच," तो म्हणतो. ओठ घट्ट मिटतो. कुणीतरी म्हणतं, पायऱ्यांचे मार्क मिळतील. तो मान हलवत नाही.

पाटीगणिताला पूर्वी धूलिकर्म म्हणत, कारण ते धुळीत रेघा ओढून करत. इथून वीसेक किलोमीटरवर, पाटणादेवीच्या डोंगरापाशी पाटण आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला. १२०७ सालचा शिलालेख ते सांगतो. भास्कराचार्य काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भुज, कोटी आणि कर्ण म्हणतात. त्यातला कर्ण दहावीच्या पुस्तकात अजून आहे. आत्ता या मुलाच्या तोंडी होता.

मला राहवत नाही. रसवंतीवर उसाचा रस मागवते आणि त्या मुलाला म्हणते, "एक गणित सांगू? भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं. ११५० सालचं."

त्याच्या चेहऱ्यावर नको आहे, पण तो नाही म्हणत नाही.

"नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे निघालाय. मोर तिरका झेपावतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल?"

तो लगेच उत्तर देत नाही. दीपगृहाची आकृती तशीच ठेवून शेजारी नवी उभी रेघ ओढतो. नऊ. आडवी. मग तिरकी, आणि तिच्यावर बोट ठेवून स्वतःशीच बोलतो, "हा कर्ण. सापाने कापलं तेवढंच. सत्तावीस वजा एक्स." धुळीत एक्क्याऐंशी लिहितो, अधिक एक्सचा वर्ग. दुसऱ्या बाजूचा कंस सोडवताना दोन्हीकडचा एक्सचा वर्ग जातो तेव्हा तो मान वर करून पुतणीकडे बघतो. ती काही बोलत नाही, सांगायचं नाही म्हणून ग्लास तोंडाला लावून उभी आहे.

"चौपन्न एक्स बरोबर सहाशे अठ्ठेचाळीस," तो म्हणतो. मग, "बारा."

"बारा," मी म्हणते.

एसटी स्टँडकडे जाणारी मुलं हाका मारताहेत. तो उठत नाही. "आत्या, हात म्हणजे कोपरापासून बोटापर्यंत ना?" असं विचारत तो पॅड बाजूला ठेवतो, कडुनिंबाच्या बुंध्याला कोपर लावतो आणि जमिनीवर हात टेकवत पुढे सरकू लागतो. एक. दोन. मुलं पाय मागे घेऊन त्याला वाट करून देतात.