रॅमची वेळ जुळली, तरच हिशेब जुळेल

दुकानात नवा कॉम्प्युटर येतो. बटण दाबताच पंखा फिरू लागतो, पण पडदा काळाच राहतो. एक मिनिट जाते, दोन मिनिटे जातात. मालक घाबरून बटण बंद करतो आणि पुन्हा दाबतो. पुन्हा तेच. मग "माल खराब आला" म्हणून मशीन परत पाठवायची तयारी सुरू होते.

व्यापारी बंधूंनो, अशा वेळी बऱ्याचदा मशीनमध्ये काहीच बिघाड नसतो. आतली रॅम आपली वेळ जुळवत असते आणि आपण ते काम दर वेळी अर्ध्यावर तोडत असतो. हे काम काय आहे ते समजून घेतले तर पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचतील.

वेग वाढला, सवड घटली

बिल, खतावणी, कापडाचे डिझाइन, जे काम त्या घडीला चालू असेल ते रॅममध्ये असते. आजची रॅम 'डीडीआर' जातीची आहे. या जातीचे पहिले प्रमाण २००० साली ठरले, डीडीआर५ चे २०२० साली. जुन्या डीडीआर-४०० मध्ये एका तारेवरून सेकंदाला ४० कोटी बिट जात. डीडीआर५-४८०० मध्ये ४८० कोटी जातात. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला सुमारे २०८ पिकोसेकंद येतात. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोसेकंद. तेवढ्या वेळात मदरबोर्डवरचा इशारा जेमतेम ३ सेंटिमीटर जातो. एक तार दुसरीपेक्षा १ सेंटिमीटर लांब पडली, तरी एक तृतीयांश वेळ हातची गेली.

धोटा आणि फट

लूमवर काम केलेल्याला ही गोष्ट लगेच कळेल. ताण्याचे धागे वर-खाली होतात, मधे फट पडते आणि त्या फटीतून धोटा जातो. धोटा लवकर सुटला किंवा उशिरा सुटला तर धागे तुटतात. म्हणून जॉबर तो नेमका केव्हा सुटावा ते बसवून देतो. रॅममध्येही डेटाच्या तारांबरोबर इशाऱ्याची वेगळी तार असते. तिला स्ट्रोब म्हणतात. "आता वाच" हे स्ट्रोब सांगतो. बिट स्थिर असतो त्या थोड्या वेळाला इंजिनियर 'डोळा' म्हणतात. स्ट्रोब त्या डोळ्याच्या मधोमध पडला पाहिजे.

हे काम कारखान्यातच करून का देत नाहीत? कारण प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, रॅमची पट्टी तिसरीची. तिघांची गाठ आपल्या मशीनमध्येच प्रथम पडते.

जुळवणी कशी होते

आधी प्रत्येक चिप आपल्या आतल्या विद्युत रोधाचे माप २४० ओहमच्या एका पक्क्या रोधकाशी ताडून पाहते. हा झाला तराजूचा काटा शून्यावर आणणे.

मग लिहिण्याची वेळ. डीडीआर३ पासून (२००७) घड्याळाचा इशारा पट्टीवरच्या चिपांजवळून ओळीने जातो. पहिल्या चिपला तो आधी पोचतो, शेवटच्या चिपला नंतर. म्हणून प्रत्येक चिपसाठी स्ट्रोब थोडा थोडा सरकवतात. चिप ० किंवा १ असा जबाब देते. ० चा १ झाला की दोघांची वेळ जुळली.

नंतर वाचण्याची वेळ. चिपकडून आधीच ठरलेला नमुना मागवतात आणि वेळ एकेक पायरी सरकवतात. समजा १२ व्या पायरीपासून ४० व्या पायरीपर्यंत नमुना बरोबर आला, तर वेळ २६ व्या पायरीवर बसवतात. डीडीआर४ पासून ० कुठे संपतो आणि १ कुठे सुरू होतो ती व्होल्टेजची रेषाही अशीच शोधली जाते. रॅम जास्त आणि वेग मोठा असेल तर हे सगळे होण्यास काही मिनिटे लागू शकतात. २०२२ साली आलेल्या एएमडीच्या एएम५ मशीनमध्ये हा अनुभव अनेकांना आला.

ग्राहकाने काय करावे?

पहिल्यांदा मशीन चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटे हात लावू नका. नवी पट्टी घातली किंवा मदरबोर्डचा सेल काढला, तर ही जुळवणी पुन्हा होते. एरवी बहुतेक मशीन जुनेच माप जपून ठेवतात.

पट्ट्या वाढवल्या की वेग वाढतो असे समजू नका. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांना ५२०० चा वेग मान्य आहे, चार पट्ट्यांना फक्त ३६०० चा. एकेक पट्टी वेगवेगळी घेण्यापेक्षा जोडी एकत्र घ्यावी.

एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करून मिळणारा जादा वेग गेम खेळणाऱ्यांना शोभतो. खातेवहीच्या मशीनवर तो नको. वेग वाढला की डोळा अरुंद होतो आणि उन्हाळ्यात मशीन तापल्यावर माप आणखी सरकते.

"डीडीआर५ चुका स्वतःच सुधारते" असे विक्रेते सांगतात. ते अर्धेच खरे आहे. ती सुधारणा चिपच्या आत होते, वाटेत बिघडलेल्या बिटाला तिचा उपयोग नाही. आणि एकच बिट उलटला तर ५००० चे ९०४ होऊ शकतात. मशीन बंद पडले तर निदान कळते तरी. आकडा गुपचूप बदलला तर कुणाला कळणार?

म्हणून नवे मशीन घेतल्यावर मेमटेस्ट८६ ही चाचणी रात्रभर चालवून घ्या. तिची एक आवृत्ती फुकट मिळते. एकही चूक दिसली तर रॅम मूळ वेगावर आणून चाचणी पुन्हा चालवा. तरीही चूक राहिली तर पट्टी परत करा. एवढे झाल्यावरच नव्या मशीनवर खातेवही उघडा.