सार्त्र यांचे स्वातंत्र्य आणि मराठवाड्यातील धर्मविचार

ईश्वर नसेल तर माणसाचे स्वरूप आधीच ठरवून ठेवणारा कोणी उरत नाही, माणूस प्रथम असतो आणि स्वतःच्या निवडींतून नंतर घडत जातो, म्हणून स्वातंत्र्य ही त्याला टाळता न येणारी शिक्षाच आहे, असे झाँ-पॉल सार्त्र यांनी १९४५ मध्ये पॅरिसच्या एका व्याख्यानात मांडले. अस्तित्ववादाच्या या निरीश्वरवादी शाखेत अनिष्टाचे, म्हणजे माणसाच्या हातून घडणाऱ्या वाइटाचे, खापर सैतानावर, स्वभावावर किंवा परिस्थितीवर फोडता येत नाही. तसे फोडणे ही सार्त्र यांच्या लेखी आत्मवंचना ठरते.

कॅथलिक चर्चने १९४८ मध्ये सार्त्र यांचे ग्रंथ निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत घातले. ईश्वर नाकारला की सर्वच क्षम्य ठरते, हा त्यांच्यावरील नेहमीचा आक्षेप मात्र दुबळा आहे, कारण सार्त्र माणसाची जबाबदारी कमी न करता उलट असह्य होईल इतकी वाढवतात. फ्रेंच कॅथलिक विचारवंत गाब्रिएल मार्सेल यांची टीका अधिक मर्मग्राही आहे. ज्याला दुसऱ्याकडून काहीही कृतज्ञतेने स्वीकारता येत नाही, अशा एकट्या माणसाचे स्वातंत्र्य सार्त्र रंगवतात आणि त्यामुळे प्रेम, निष्ठा व आशा यांचा उलगडा त्यांना करता येत नाही, असा तिचा रोख आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला गोदावरीकाठी असलेल्या पैठणच्या एकनाथांकडे वळले की प्रश्नाची दिशाच बदलते. भागवताच्या अकराव्या स्कंधावरील त्यांच्या टीकेत, म्हणजे १५७३ मध्ये काशीला पूर्ण झालेल्या ‘एकनाथी भागवता’त, भिक्षुगीताचा प्रसंग येतो: धन गमावून विरक्त झालेल्या अवंतीच्या एका कृपणाला लोक छळतात, तेव्हा आपल्या सुखदुःखाचे कारण लोक, देव, ग्रह, कर्म किंवा काळ यांपैकी काही नसून आपले मनच आहे, असा निर्णय तो करतो. सबबी नाकारण्यापर्यंत सार्त्र आणि नाथ बरोबर चालतात. परंतु निवड करणारे मनच अहंतेने बांधलेले असेल तर त्याच्या निवडीला स्वातंत्र्य कसे म्हणावे, हा नाथांच्या विचारातून निघणारा प्रश्न सार्त्र यांच्या मांडणीत नीट सुटत नाही.

छत्रपती संभाजीनगर शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये उभारलेल्या महाविद्यालयाला ‘मिलिंद’ आणि त्याच्या परिसराला ‘नागसेनवन’ ही नावे मिळाली, ती ग्रीक राजा मिनँडर आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादावरून. नित्य आत्मा नसेल तर पापपुण्य कोणाचे, हे त्या संवादातील राजाचे कोडे आहे. चोरलेले आंबे मालकाने पेरलेले आंबे नव्हेत, या युक्तिवादाने चोर सुटत नाही, कारण हे आंबे त्या पेरणीतूनच आलेले असतात, असा दृष्टान्त नागसेन देतात. म्हणजे उत्तरदायित्वासाठी ना ईश्वराची गरज, ना अविकारी आत्म्याची. कार्यकारणाची साखळी पुरते. बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथातही ईश्वर नाकारलेला आहे, तरी नीती एकेका व्यक्तीच्या निवडीवर सोडलेली नाही: एकट्या माणसाला धम्माची गरज नसते, पण दोन माणसे एकत्र आली की त्यावाचून चालत नाही, अशी त्यांची भूमिका आहे. ईश्वराला नकार देणाऱ्या धर्मविचाराने निरीश्वरवादी अस्तित्ववादाला दिलेले हे उत्तर असल्यामुळे, ईश्वर मानत नसल्याचे सांगून सार्त्र यांना ते टाळता येणार नाही.

निरपराधांच्या यातनांचा प्रश्न मात्र सर्वच धर्मविचारांना जड जातो. अस्तित्ववादी हे बिरुद स्वतः नाकारणाऱ्या आल्बेर काम्यू यांच्या ‘प्लेग’ (१९४७) या कादंबरीत एका मुलाच्या मृत्यूपुढे धर्मोपदेशकाचे स्पष्टीकरण कोसळते. भिक्षुगीतातील निर्णयही छळ सोसणाऱ्याने स्वतःपुरता केला तरच शोभतो. छळणाऱ्याने किंवा बघ्याने तो त्याला ऐकवला तर ती क्रूरता होते. पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर आंबेडकरांनी नेमका हाच आरोप केला आहे: गरीब व दलितांच्या स्थितीची जबाबदारी झटकण्याची सोय राज्याला आणि समाजाला त्यातून मिळते. सार्त्र यांच्या व्यक्तिकेंद्री स्वातंत्र्यावर आणि परंपरेच्या कर्मविचारावर एकाच वेळी बोट ठेवणारी ही टीका मार्सेल यांच्या टीकेपेक्षा अधिक दूर पोहोचते.